ग्रामीण भागात काही काळ

मागच्या महिन्यात नागपुरात सदरला एका प्रोग्रामला गेलो होतो. रिटायर झालेल्या ख्रिस्ती पाळकांचा सत्कार, शाल-श्रीफळ, दोन गाणी, मग जेवण. एकेकाची माहिती माईकवर वाचून दाखवत होते. माझी पाळी आली तेव्हा कुठे शिकलो, दीक्षा कधी झाली, शहरातल्या कोणकोणत्या चर्चच्या मंडळ्या सांभाळल्या, कोणत्या कमिट्यांवर होतो, सगळं आलं, आणि मधेच एक वाक्य आलं, "त्यानंतर त्यांनी ग्रामीण भागात काही काळ सेवा केली." लगेच पुढचं वाक्य. टाळ्या झाल्या, फोटो झाला. वाचणाऱ्या पोराचा काहीच दोष नाही, हातात दिलेला कागद त्याने स्पष्ट आणि मनापासून वाचला. पण घरी येताना एलआयसी चौकाच्या सिग्नलवर ऑटोत बसल्या बसल्या ते वाक्य परत परत ऐकू यायला लागलं. काही काळ. पाळक म्हणून मला जे काही थोडंफार येतं ते त्याच काळात आलं, आणि कागदावर त्याला अर्धी ओळ मिळाली. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग तुम्हीच लिहा न. म्हणून लिहायला बसलो.

गाव बुटीबोरीच्या पुढे. नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथे आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही. गणेशपेठच्या स्टँडवरून लाल एसटी, फाट्यावर उतरायचं, पुढे पांदणीने सायकल. ख्रिस्ती घरं दहा-बारा, बाकी सगळं गाव इतरांचं. चर्च म्हणजे एक लांबट खोली, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन, त्यावर दोन सतरंज्या, एक पुरुषांची आणि एक बायांची. समोर टेबल, टेबलावर क्रोशाचा पांढरा रुमाल, त्यावर लाकडी वधस्तंभ. बाहेर निंबाच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा. लोखंडी बोल्टने मारली की आवाज पार नाल्यापर्यंत जायचा. पहिल्याच पावसात माझी सायकल चर्चच्या दारात अडकली, चाक जागचं हलेना, तेव्हा पेटीवाले दाजी घरून पाना घेऊन आले आणि काही न विचारता दोन्ही मडगार्ड काढून टाकले. "हे शहराचं काम हाय जी, आपल्या इथं याच्यात माती बसते अन् मग चाकच फिरत नाई." पुढे तिथे होतो तोवर ते मडगार्ड आमच्या घराच्या माळ्यावरच होते. कपडे खराब व्हायचे, पाठीवर मातीच्या रेघा उठायच्या, पण पोचायचो.

उपासनेची वेळ मी ठरवायचो असं कागदावर होतं. खरं तर कापूस ठरवायचा. दसरा झाला की वेचणी सुरू, बाया सकाळी दव ओसरलं की वावरात, आणि मजुरी किलोवर. रविवारी सकाळी दोन तास बसायला बोलावलं तर तिचा तेवढा वेचा जातो आणि त्यातून किराणा यायचा असतो. मी यायच्या कितीतरी आधीच मंडळीने हा प्रश्न सोडवून ठेवला होता, दिवाळीपासून साधारण माघापर्यंत उपासना संध्याकाळी, दिवे लागल्यावर. बाया हात-पाय धुऊन यायच्या, तरी पदराला, केसांत कापसाचे बारके धागे राहायचे, आणि बोटांच्या टोकांना बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांनी ओरखडे पडलेले. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस देतात तेव्हा, ते हात समोर यायचे. मी भाकरीचा तुकडा ठेवायचो, खरोखर ज्वारीच्या भाकरीचा, कारण पाव आणायला बुटीबोरीला जावं लागायचं. द्राक्षरस म्हणजे बायकोने काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून केलेला. शहरात नंतर चांदीच्या पेल्यातून प्रभुभोजन दिलं, सुंदर असतं ते. पण त्या ओरखडलेल्या हातांची ओंजळ समोर आली की शब्द म्हणताना माझा आवाज जड व्हायचा, दर वेळी व्हायचा, आणि त्याची कधी सवय झाली नाही. मे महिन्यात उलटं, उपासना सकाळी सातला, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की अजून लवकर, आणि संदेश छोटा. लोकं सांगायचे नाहीत, पण कवेलू तापायला लागले की लहान पोरं रांजणाकडे बघायला लागायची, तेवढं पुरे होतं.

गाण्याबद्दल लिहायलाच हवं. दाजींची पेटी जुनी, दोन स्वर मुके, तिथे ते स्वतः गळ्याने स्वर भरायचे. रेव्हरंड टिळकांची भजनं तिथे इतकी चालायची की पुस्तक कोणी उघडतच नसे. टिळक ख्रिस्ती व्हायच्या आधी काही दिवस नागपुरात राहिले होते, हे दाजींना माहीत होतं आणि ते असं सांगायचे जसं काही टिळक त्यांच्या शेजारच्याच घरात राहून गेले. अभंगाची चाल असल्यामुळे गावातल्या कोणालाही ती भजनं परकी वाटत नसत. ढोलकी हनुमान मंदिराच्या भजन मंडळाकडून यायची, आणि त्यांच्या सप्ताहाला आमच्या चर्चच्या टाळजोड्या जायच्या. नाताळात गुरुदेव सेवा मंडळाचा एक खंजिरी वाजवणारा माणूस न चुकता येऊन बसायचा. तुकडोजी महाराजांच्या भजनात आयुष्य गेलेलं, खंजिरी त्याच्या हातात आली की आमची मरगळलेली चालसुद्धा उठून उभी राहायची. कुणी कुणाला बोलावणं धाडलं, परवानगी घेतली, असं काही आठवत नाही.

दाजी १९७० साली नागपुरात होते. २९ नोव्हेंबरला सहा वेगवेगळे चर्चपंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा ते पोरसवदा होते, वडिलांसोबत गेले होते. मोठमोठे लोक, झगे, कितीतरी भाषा. हे ते मला दरवर्षी नाताळाच्या आधी सांगायचे आणि मी दरवर्षी ऐकायचो, कारण सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. "इतल्ले लोक एकाच वेळी प्रभूची प्रार्थना म्हणून राहिले होते जी, ज्याच्या त्याच्या भाषेत, अन् आमेन मात्र सारख्याच वेळी आला."

आता धनगराची गोष्ट.

पिकं निघाली की मेंढ्यांचे कळप यायचे. शेतकरी रात्रभर मेंढ्या वावरात बसवून घेतात, लेंड्यांचं खत पडतं, बदल्यात धान्य देतात. एका वर्षी चर्चला लागून असलेल्या वावरात कळप बसला. एक म्हातारा धनगर, अंगावर घोंगडं, हातात काठी, रविवारी संध्याकाळी आवाज ऐकून आमच्या उंबऱ्यापाशी येऊन बसला. आत या म्हटलं तर म्हणाला इथून मेंढरं दिसतात. त्या दिवशी नेमका शास्त्रपाठ बायबलमधल्या लूकच्या १५व्या अध्यायातला, शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं, मालक नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात जातो. त्या दाखल्यावर मी चांगली तयारी केली होती. त्या एकाची किंमत, मेंढपाळाचं प्रेम, खांद्यावर घेऊन येणं, हे सगळं बोललो. आशीर्वाद झाला, लोकं उठली, चपला शोधायला लागली. म्हातारा तिथेच बसलेला. म्हणाला, "साहेब, एक इचारू का? थे नव्याण्णव कोनापाशी सोडले होते त्यानं?"

मी काही बोललो नाही. जी काही उत्तरं पुस्तकांत वाचली होती ती डोक्यात यायला लागली, पण त्यातलं एकही त्या माणसाला द्यावंसं वाटेना, कारण तो वाद घालत नव्हता. त्याला खरंच काळजी वाटली होती. रात्र, लांडगा, नव्याण्णव जनावरं. थोडं थांबून त्यानेच सांगितलं, "जोडीदार असन जी. एकट्यानं शंभर मेंढरं कोनी नाई चारत. जोडीदारावर भरोसा असन, तवाच गेला असन थो." मग काठी टेकत उठला आणि त्याच्या मेंढ्यांकडे गेला, तिथे त्याचा जोडीदार शेकोटी पेटवून बसलेलाच होता.

त्या रात्रीपासून मी मंडळीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. तोपर्यंत मनात असं होतं की मी यांना सांभाळतो. कॉलेजात तसंच शिकवतात, आणि शिकवणाऱ्यांनी ते प्रेमाने शिकवलं होतं. पण त्या खोलीत दाराजवळ एक आजी बसायची, तिची जागा ठरलेली, भिंतीला पाठ. सतरंजीवर सगळ्यांच्याच जागा ठरलेल्या होत्या. पहिलं गीत चालू असताना आजी एकदा डावीकडून उजवीकडे बघायची, बस, तिला कळलेलं असायचं कोण आलं नाही. एवढ्याशा मंडळीत रिकामी जागा लपत नाही, सतरंजीचा तेवढा तुकडा उघडा दिसतो. उपासना सुटली की आजी दोन बायांना घेऊन निघायची, हातात काहीतरी झाकलेलं, कधी वरण, कधी जवसाची चटणी आणि भाकर. मी सोमवारी त्या घरी भेटीला जायचो तेव्हा आजी आदल्या रात्रीच येऊन गेलेली असायची. भांडण होतं का, नवरा पिऊन आला होता का, की नेसायला बरं लुगडं नव्हतं म्हणून बाई आली नाही, हे तिला सगळं माहीत. मला मात्र माझ्या कामापुरतंच सांगायची. "जा तुम्ही, पन लुगड्याचं काही काढू नका." असं शहाणपण मी नंतर मोठमोठ्या समुपदेशनाच्या शिबिरांतसुद्धा पाहिलं नाही, मनापासून सांगतो.

एका थंडीत रात्री एका घरी पहिलटकरणीची वेळ आली आणि अडली. सुईण म्हणाली माझ्या हातचं नाही, मेडिकलला न्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. तेव्हा गावात मोबाईल नाही, गाडी नाही. शेजारच्या पाटलांनी बंडी जुंपली, खाली गवत, त्यावर वाकळ, आणि फाट्यापर्यंत आम्ही कंदील घेऊन सोबत चालत. फाट्यावर एका ट्रकवाल्याने थांबून घेतलं, देव त्याचं भलं करो. उजाडता उजाडता मेडिकलला पोचलो, दुपारी मुलगी झाली, दोघी सुखरूप. लोकं नंतर म्हणायचे पाळकसाहेबांनी बाई वाचवली. मी फक्त सोबत होतो. पण मला जे सांगायचंय ते पुढचं आहे. आठेक दिवसांनी त्या घरी गेलो तर कळलं की इकडे तिच्या म्हाताऱ्या सासूला दोन्ही वेळचं जेवण कोणी ना कोणी देत होतं, म्हैस दाजींची सून पिळत होती, आणि वेचणीला जाणाऱ्या बायांनी आपापल्या कापसातून थोडं थोडं रोज त्या पोरीच्या नावावर वजन करून घेतलं होतं. मजुरी बुडू नये म्हणून. त्यात ख्रिस्ती बाया होत्या तशा बाकीच्याही होत्या. मला कोणी सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, आणि जिच्यासाठी केलं तिलाही शनिवारी पैसे हातात आल्यावरच कळलं. मी त्या रात्री मेडिकलच्या व्हरांड्यात प्रार्थना करत होतो तेव्हा इथे नव्याण्णवांपाशी कोण होतं, ते मला त्या दिवशी दिसलं.

पावसाळ्यात नाला भरला की मी अलीकडेच अडकायचो. पलीकडे निंबाखाली माणसं उभी दिसायची, हातवारे करून सांगायची, येऊ नका. सुरुवातीला वाटायचं थोडं पाणी आहे, जाऊन बघू. मग दाजींनी हिस्लॉप साहेबांची गोष्ट सांगितली. नागपुरात हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळे घेतात, पण तो माणूस आमच्याच त्या बाजूला गेला. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून नागपूरला आले, शाळा काढली, दगड-जीवाश्म गोळा केले, गोंड लोकांची गाणी आणि कथा लिहून घेतल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटला जुनी शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून परत येताना एका पूर आलेल्या नाल्यात बुडाले. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. दाजी म्हणायचे, "इतला मोठा माणूस नाल्यानं नेला, तुम्ही काहून घाई करता? आम्ही म्हणतो न गाणे, पुढच्या रविवारी या." आणि खरंच म्हणायचे. पाण्याच्या आवाजातून पेटीचा सूर यायचा आणि मी अलीकडच्या काठावर सायकलला टेकून तिथूनच सोबत म्हणायचो. सुरुवातीला अशा रविवारी मन खट्टू व्हायचं. धनगराच्या त्या प्रश्नानंतर नाही झालं.

पोळा आठवला की अजून हसू येतं, आनंदाचं. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकायचे आणि त्यांच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांकडेही बैल होते आणि वर्षभर राबलेल्या जनावराबद्दल माया सगळ्यांचीच सारखी. एक जण बैल धुऊन, शिंगं रंगवून थेट चर्चच्या दारात घेऊन आला. "याच्यासाठी बी प्रार्थना करा न जी, याच्या भरोशावर तर हाओत आम्ही." मी बैलाच्या वशिंडावर हात ठेवून प्रार्थना केली. गरम, ओलं अंग, तेलाचा आणि हिंगुळाचा वास, आणि बैल इतका शांत उभा की मालकाचेच डोळे भरले. पुढच्या वर्षी चार जोड्या आल्या. शहरात कोणाला सांगितलं तर काही जण विचारात पडायचे की हे बरोबर आहे का. माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

कापणीच्या सणाला टेबलाभोवती ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, वांगी, कोहळं, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर लिलाव. कोण कशावर किती बोली लावतो त्यात बरंच काही कळायचं. ज्याच्या घरी त्या वर्षी पीक बुडालं त्याने आणलेल्या दोन वांग्यांवर मुद्दाम चढती बोली लागायची, म्हणजे त्याची वस्तू स्वस्तात गेली असं त्याला वाटू नये. आजी दरवर्षी स्वतःचीच कोंबडी स्वतः सोडवून घरी न्यायची, पैसे चर्चला.

आजी गेली ती ऐन मे महिन्यात. जमीन इतकी तडकलेली की भेगेत हात जाईल, आणि खाली दगडासारखी. कबरस्तान नाल्यापलीकडे. आमची माणसं किती, त्यातली धडधाकट किती. पण पहाटे मी पोचलो तेव्हा अर्धं गाव कुदळी-सब्बली घेऊन तिथे होतं, पाळीपाळीने खणत होतं, घाम मातीत पडत होता, पाटील स्वतः खड्ड्यात उतरलेले. सगळ्यांनी माती दिली. पुढच्या रविवारी भिंतीजवळची ती जागा रिकामी राहिली, कोणी बसेना. पहिलं गीत चालू असताना मी पाहिलं, दाजींची सून डावीकडून उजवीकडे बघत होती.

सत्काराच्या नंतरच्या आठवड्यात मी आणि बायको त्या गावी गेलो. आता रस्ता डांबरी आहे, नाल्यावर पूल आहे, कवेलूच्या जागी स्लॅब, रुळाच्या तुकड्याच्या जागी विकत आणलेली घंटा, तुकडा मात्र कोपऱ्यात जपून ठेवलाय. पाळकांकडे आसपासची आणखी गावं आहेत, त्यांना दर रविवारी येणं जमत नाही. बाकीचे रविवार मंडळीच चालवते. त्या दिवशी उपासना चालवणारी बाई म्हणजे एकेकाळची संडे स्कूलची पोरगी, ढोलकीवर ठेका धरून मार खाल्लेली, आता आशा वर्कर आहे. दाजी नाहीत, पेटी त्यांचा नातू वाजवतो, नवी पेटी, सगळे स्वर वाजणारी. मला बोलायला सांगितलं, थोडं बोललो. शेवटी आशीर्वादाच्या आधी तिने वही काढली आणि विचारलं, आज कोण आलं नाही? दोन नावं निघाली. एक जण नागपूरला लग्नाला गेला होता, दुसऱ्या बाईला ताप. तिथल्या तिथे ठरलं कोण जाणार, आणि तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "तुम्ही बी चाला न जी आमच्यासंगं, पाळकीनबाई तुम्ही बी."

आम्ही सात-आठ जण गेलो. ताप उतरला होता, बाई अंगणात बसून अंबाडीची भाजी खुडत होती. एवढे सगळे काहून आले म्हणून आधी रागावली, मग चूल पेटवून चहा मांडला. प्रार्थना झाली. मग गोष्टी कापसाच्या भावावर गेल्या, यंदा बोंडअळी किती, वेचणीचा दर किलोला काय चालू आहे, दिवाळीनंतर उपासना पुन्हा संध्याकाळी किती वाजता ठेवायची. त्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि साडेसात ठरले.